खायचा रंग, ल्यायचा रंग

भिवंडी आणि लोकर हे दोन शब्द एका वाक्यात आले की ठाण्या-कल्याणकडचा माणूस आधी हसतो. भिवंडीत काय असतं? कापड. तेही सुती नाहीतर पॉलिएस्टर, आणि बहुतेक वेळा 'ग्रे'. (ग्रे म्हणजे करड्या रंगाचं नव्हे बरं का. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. भिवंडी विणते, रंगायला ते कापड बऱ्याचदा दुसऱ्या गावाला जातं.) १८५७ नंतर उत्तरेतले मोमीन विणकर आग्रा रोडने खाली येत येत इथे स्थिरावले, तेलंगणाकडून पद्मशाली आले, हातमागांचे यंत्रमाग झाले. या सगळ्या इतिहासात मेंढी कुठेच नाही.

तरीही आज लिहायचंय ते खायच्या रंगाने घरी लोकर रंगवण्याबद्दल. आता तुम्ही म्हणाल, हा काय वीकांताचा उद्योग झाला? जिलबीत घालायचा रंग लोकरीला कशाला फासायचा? मलाही आधी हा पोरखेळच वाटला होता. पण थोडं खणल्यावर लक्षात आलं की या पोरखेळाचं एक सख्खं भावंड सरकारी प्रयोगशाळेत राहतं. तिथली माणसं हेच करतात, फक्त जास्त काटेकोरपणे, आणि त्यावरून एखाद्या मिठाईवाल्यावर खटला उभा राहू शकतो. ते कसं, हे सांगायला आधी प्रयोग सांगतो, मग इतिहास.

प्रयोग केला भिवंडीत, एका कॉलेजमित्राच्या घरी. घरचे माग आहेत. त्याच्या वडिलांचा (आम्ही त्यांना काका म्हणतो) सगळा जन्म सुतात गेलाय. पांढरी, खरीखुरी मेंढीची लोकर मी ऑनलाइन मागवली होती. गंमत म्हणजे ट्रॅकिंगवर ती आधीची एक रात्र भिवंडीच्याच गोदामात मुक्कामाला होती :-). हल्ली मुंबई-ठाण्यात काहीही मागवा, ते भिवंडीला पाय लावून येतं.

एका जुन्या स्टीलच्या पातेल्यात (जे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही असं काकींनी आधीच बजावलं होतं) चार धागे टाकले. एक, मेंढीची लोकर. दोन, बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारा पांढरा गुंडा, जो खरं तर अ‍ॅक्रिलिक असतो. (ओळखायची खूण: टोक जाळा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.) तीन, काकांच्या मागावरचं सुती सूत. चार, रेशमाचा एक धागा. चौघांनाही अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून ठेवलं होतं. पातेल्यात पाणी, चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूसत्व, आणि चिमूटभर पिवळा खायचा रंग. मग मंद आच. उकळी फुटू द्यायची नाही, आणि ढवळाढवळ करायची नाही, नाहीतर लोकरीचे खवले एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. अर्ध्या तासाने गॅस बंद, आणि आपोआप गार होऊ द्यायचं.

काका खुर्चीत बसून बघत होते. पातेल्यात डोकावलेही नाहीत. म्हणाले, "सुतावर काही चढणार नाही हा. धुतलंस की पळून जाईल."

आणि तसंच झालं. साबणाच्या पाण्यात खळबळल्यावर सूत जवळजवळ पूर्वीसारखं पांढरं झालं. अ‍ॅक्रिलिकनेही रंगाला दाद दिली नाही. लोकर आणि रेशीम मात्र झेंडूसारखे पिवळेधमक. आणि सगळ्यात बघण्यासारखं होतं ते पातेल्यातलं पाणी. अर्ध्या तासापूर्वी जर्द पिवळं असलेलं पाणी जवळजवळ नितळ झालं होतं. रंग पाण्यात राहिलाच नव्हता, लोकरीने तो ओढून घेतला होता.

असं का होतं? लोकर म्हणजे केस, आणि केस म्हणजे प्रथिन. आंबट पाण्यात या प्रथिनावर धन विद्युतभार येतो. खायच्या रंगाच्या रेणूला ऋण भाराची शेपटी असते. दोघं एकमेकांना घट्ट धरतात. रेशीमही प्रथिनच, म्हणून तेही रंगतं. सूत म्हणजे सेल्युलोज. त्याच्याकडे हात पुढे करायला असे धन भाराचे कोपरेच नाहीत. आपल्या कातडीच्या वरच्या थरातही केसातलंच केराटिन असतं. म्हणून खायचा रंग हाताळल्यावर बोटं दोन-दोन दिवस रंगलेली राहतात, आणि सुती रुमालावर पडलेला डाग मात्र बऱ्यापैकी निघून जातो.

इथपर्यंत सगळं विज्ञान प्रदर्शनातलं झालं. आता रंगाची डबी उलटी करून बघा. पिवळ्या रंगावर आयएनएस १०२ असा आकडा दिसेल. त्याचं नाव टार्ट्राझिन. कापडाच्या दुनियेत याच रेणूचं नाव आहे अ‍ॅसिड यलो २३. लालमध्ये असतं ते कार्मोइसिन, आयएनएस १२२, म्हणजे कापडवाल्यांचं अ‍ॅसिड रेड १४. निळा ब्रिलियंट ब्लू, आयएनएस १३३, म्हणजे अ‍ॅसिड ब्लू ९. एकच फाइल, दोन फोल्डरमध्ये दोन नावांनी. आणि 'अ‍ॅसिड डाय' हा रंगांचा वर्ग मुळात ज्या धाग्यांसाठी आहे ते धागे म्हणजे लोकर आणि रेशीम.

म्हणजे खायचा रंग लोकरीवर का चढतो हा प्रश्नच उलटा आहे. खरा प्रश्न असा, की लोकरीचा रंग आपल्या खाण्यात कसा आला?

त्यासाठी लंडनला जावं लागेल, १८५६ साली. विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा ईस्टरच्या सुट्टीत घरातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत क्विनाइन बनवायच्या मागे होता. कोळशापासून गॅस बनवताना उरणाऱ्या डांबरातले पदार्थ घेऊन त्याचा खटाटोप चालू होता. क्विनाइन झालं नाही, काळा चिकटा झाला, आणि तो स्पिरिटने धुताना जांभळा रंग सुटला. पोराने तो रेशमावर लावून पाहिला, तर धुऊनही जाईना. हाच तो 'मॉव्ह', डांबरापासून धंद्यासाठी बनलेला पहिला रंग. पाठोपाठ १८५९ मध्ये मॅजेंटा आला आणि मग रंगांची रांगच लागली. सुरुवातीच्या यातल्या बऱ्याच रंगांची दोस्ती लोकर-रेशमाशी, सुतावर ते चढवायला टॅनिनसारखा मध्यस्थ लागायचा. १८८४ मध्ये योहान हाइनरिश त्सीग्लर या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगातला पिवळा, म्हणजे टार्ट्राझिन, बनवला. तोही लोकरीसाठीच.

मग ही मंडळी मिठाईत कशी घुसली? कारण तिथे आधी जे होतं ते याहून भयंकर होतं. १८२० मध्ये फ्रेडरिक अ‍ॅक्युम या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने अन्नभेसळीवर पुस्तक लिहिलं. शिशाची आणि तांब्याची संयुगं घालून रंगवलेले खाद्यपदार्थ तेव्हा राजरोस विकले जात होते. त्यामानाने डांबराचे रंग स्वस्त, इवलासा घातला तरी भडक, आणि खाऊन कोणी जागच्या जागी मरत नाही. हलवायाला अजून काय हवं? कापडगिरणीत जाणारी पुडी मिठाईच्या कारखान्यातही जाऊ लागली. मध्ये ना भिंत होती, ना कुंपण.

आपल्याकडे भिंत नव्हती ती वेगळ्या अर्थाने. आपल्याकडे खायचा रंग आणि ल्यायचा रंग एकाच फडताळात असायचा. हळद भाजीत आणि हळद वस्त्राला. करडईच्या फुलांतून निघणारा कुसुंबी रंग साडीला, आणि त्याच करडईचं तेल फोडणीला. रंगपंचमीला उकळलेली पळसाची फुलं. हळदीच्या रंगाचं वैशिष्ट्य असं की सुतावरही तो कुणाच्या मदतीशिवाय चढतो, मात्र उन्हात लवकर उडतो. आणि तिला चुन्यासारखं क्षार लागलं की ती लाल होते. घरोघरी कुंकू असंच बनायचं. आपल्या आज्या-पणज्यांनी पीएच हा शब्द ऐकला नव्हता, पण त्या रोज तो कपाळाला लावत होत्या.

(मग आपण लोकर का नाही रंगवली? महाराष्ट्राची स्वतःची लोकर म्हणजे धनगरांची, दख्खनी मेंढीची. जाडीभरडी, बरीचशी काळी. काळ्यावर कुठला रंग दिसणार? घोंगडी मेंढीच्याच रंगाची राहिली. बाकी तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात हे सांगितल्यावर काका एकदम खुश झाले. "म्हणजे आमचं सायझिंगच की!" सुताला ताकद यावी म्हणून भिवंडीत ताण्याला लावतात ती खळ आणि धनगराची चिंचोक्याची खळ, काम तेच.)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबराचे रंग मुंबई बंदरात उतरू लागले आणि इथलं फडताळ मोडलं. १८६८-६९ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन जोडीने मंजिष्ठेतला लाल रंग कारखान्यात बनवायची वाट काढली, १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. सी. जी. एच. फॉसेट नावाच्या अधिकाऱ्याने १८९६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या रंगकामावर एक सरकारी पुस्तिका लिहिली, ती याच पडझडीच्या काळातली. गावोगावचे रंगारी, निळारी आपला कित्येक पिढ्यांचा हात सोडून पुडीतला रंग वापरू लागले. रंगारी हे आडनाव उरलं, धंदा बऱ्याच घरांतून गेला. आणि बाजारात पुडी आली की ती फक्त रंगाऱ्याकडे थांबत नाही, पुढे हलवायाकडेही जाते.

आता भिंत बांधायची वेळ आली. ती पहिल्यांदा नीट बांधली अमेरिकेने. १९०६ मध्ये तिथे अन्न आणि औषधांचा कायदा आला. बर्नहार्ड हेस या रंगतज्ज्ञाला काम दिलं गेलं की बाजारात खाण्यासाठी म्हणून विकले जाणारे रंग तपास. असे सुमारे ८० रंग सापडले. हेसने काय करावं? वाईट रंग वेचून त्यांच्यावर बंदी? आपल्या भाषेत ब्लॅकलिस्ट? त्याने उलट केलं. ज्यांच्याबद्दल पुरेशी माहिती आहे आणि अपाय दिसत नाही, तेवढेच आत. १९०७ मध्ये ७ रंगांची यादी निघाली. म्हणजे चक्क व्हाइटलिस्ट! फायरवॉल लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, सुरक्षेचा हाच शहाणा नियम आहे: आधी सगळं बंद, मग एकेक दार उघडायचं.

पण यादीत आलं म्हणजे कायमचं पवित्र झालं असं नाही. त्या सातांत 'ऑरेंज वन' नावाचा एक केशरी रंग होता. १९५० मध्ये हॅलोवीनच्या गोळ्या खाऊन अमेरिकेत बरीच मुलं आजारी पडली. गोळ्यांत हाच रंग भरमसाट घातलेला होता. पुढे तो यादीतून गेला. १९७६ मध्ये त्याच यादीतला अ‍ॅमरंथ हा लाल रंगही अमेरिकेने काढला. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने काही रंगांची मिश्रणं आणि मुलांमधली चंचलता यांचा संबंध तपासला, आणि २०१० पासून युरोपात त्यातल्या सहा रंगांच्या पाकिटावर इशारा छापणं सक्तीचं झालं. त्या सहांपैकी चार (टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पाँसो ४आर) आपल्याकडे चालतात. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिन या गुलाबी-लाल रंगाची खाण्यातली परवानगी रद्द केली. हा रंग १९०७ च्या पहिल्या सातांत होता! ११८ वर्षं यादीत बसलेला बाहेर गेला.

आपल्याकडे मुंबई इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ चा, आणि देशभरासाठी अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. २००६ मध्ये त्याच्या जागी अन्न सुरक्षा कायदा आला आणि त्याचे नियम २०११ मध्ये लागू झाले. आपल्या यादीत ८ कृत्रिम रंग. पिवळे दोन: टार्ट्राझिन, सनसेट यलो. लाल तीन: कार्मोइसिन, पाँसो ४आर, एरिथ्रोसिन. निळे दोन: इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू. हिरवा एक: फास्ट ग्रीन. तेही वाटेल त्या पदार्थात नाही. आइस्क्रीम, बिस्किटं, मिठाई, सरबतं अशा ठरलेल्याच पदार्थांत, आणि बहुतेक ठिकाणी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत. हळद, तिखट, डाळ, चहा यांत कृत्रिम रंग अजिबात चालत नाही.

आता यादी झाली. पण हलवायाच्या कढईत नेमका यादीतला रंग पडलाय हे कुणी, कसं शोधायचं? लाडू काही बोलत नाही.

इथे आपली लोकर परत येते.

१८८९ मध्ये अर्जेंटिनातल्या पेद्रो अराता या रसायनशास्त्रज्ञाने वाइनमधला कृत्रिम रंग ओळखण्यासाठी लोकर वापरायची पद्धत मांडली. तिचंच सुधारलेलं रूप आजही आपल्या अन्नतपासणीच्या सरकारी पद्धतींत आहे. विणकामाची पांढरी लोकर घ्यायची, तिच्यातला स्निग्धांश काढून ती अगदी स्वच्छ करायची. संशयित पदार्थाचा अर्क आंबट करून त्यात ही लोकर उकळायची. कृत्रिम आम्लरंग असेल तर लोकर तो ओढून घेते. साखर, मैदा, तूप, मसाला सगळं पाण्यात राहतं, रंग तेवढा लोकरीवर. म्हणजे लोकर इथे कापड नाही, गाळणी आहे. कढईतल्या गोंधळातून नेमका आरोपी बाहेर काढणारी.

पण हळदीसारखे नैसर्गिक रंगही लोकरीवर चढतात की! म्हणून दुसरी फेरी. रंगलेली लोकर पातळ अमोनियात गरम करायची. आम्लरंगाची पकड आंबटपणावर होती, तो गेला की रंग लोकर सोडून पाण्यात उतरतो. आता जुनी लोकर काढून टाकायची, पाणी पुन्हा आंबट करायचं आणि नवी कोरी लोकर घालायची. ही दुसरी लोकरही रंगली तर समजायचं, रंग कृत्रिम आहे. नैसर्गिक रंग सहसा ही दुसरी परीक्षा पास होत नाहीत. हळदीने रंगलेली लोकर तर अमोनियात लालसर पडून स्वतःच कबुली देते. (कुंकवाचंच रसायन!) थोडक्यात, एक टेस्ट केस आणि मग फॉल्स पॉझिटिव्ह गाळायला दुसरी.

यातली पहिली पायरी मी काकींच्या गॅसवर करून पाहिली. बाजारातलं एक गुलाबाचं सरबत पाण्यात पातळ करून, लिंबूसत्व घालून, त्यात लोकर वीस मिनिटं तापवली. शेजारच्या भांड्यात बीट उकळून त्याच्या पाण्यात दुसरी लोकर. सरबताची लोकर झकास गुलाबी झाली आणि साबणाने धुऊनही गुलाबीच राहिली. (घाबरू नका, सरबतात ठराविक रंग घालायला परवानगी आहे, आणि बाटलीवर तसा आकडाही होता.) बीटाचा रंग आचेने तपकिरी पडला, आणि धुतल्यावर लोकर नुसती मळकी दिसायला लागली. अमोनियाची पायरी घरात केली नाही. त्याचा वास आणि काकींचा राग, दोन्ही एकदम झेपणारे नव्हते :-)

पण इथेच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. लोकर एवढंच सांगते की रंग कृत्रिम आहे. तो यादीतला आहे की यादीबाहेरचा, हे ती सांगू शकत नाही. यादीतलं टार्ट्राझिन जितक्या प्रेमाने लोकर धरतं तितक्याच प्रेमाने मेटॅनिल यलोही धरतं. हा मेटॅनिल यलो म्हणजे अ‍ॅसिड यलो ३६. लोकर, चामडं, कागद रंगवणारा. खाण्यात पूर्ण बंदी. आणि हळदीत, डाळीत, बुंदीत वर्षानुवर्षं सापडत आलेला. दिसायला सारखा, पाण्यात विरघळायला सारखा, लोकरीवर चढायला सारखा. त्याला ओळखायला पुढची पायरी लागते: लोकरीवरून उतरवलेला रंग कागदावर क्रोमॅटोग्राफीने पळवायचा आणि ओळखीच्या रंगांच्या ठिपक्यांशी ताडून बघायचा. (हळदीसाठी एक जुनी चाचणी आहे: तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की गुलाबी रंग येतो. पाणी घातल्यावर तो गेला तर हळद, टिकला तर मेटॅनिल. मात्र हे आम्ल घरात आणू नका.)

काही रंग तर लोकरीला साफ चकवतात. फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले, कारण एका सॉसमध्ये सुदान वन हा लाल रंग निघाला, आणि त्याचा माग भारतातून गेलेल्या तिखटापर्यंत पोचला. सुदान तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्याला ऋण भाराची शेपटीच नाही. लोकरीच्या आंबट पाण्यात तो उतरतच नाही, मग पकडायचा कसा? प्रत्येक चाचणीचं एक आंधळं टोक असतं, आणि भेसळ करणाऱ्याला ते बरोबर सापडतं.

म्हणून मला वाटतं की खायचा रंग आणि ल्यायचा रंग यांमधली रेघ निसर्गाने आखलेली नाही. लोकरीच्या दृष्टीने दोन्ही एकच. जिभेलाही फरक कळत नाही, डोळ्यालाही नाही. ती रेघ म्हणजे एक कागद आहे, माणसांनी चाचण्या करून, चुकून, खोडून, पुन्हा लिहिलेला. आणि कोणीतरी रोज तपासत असेल तेवढेच दिवस ती रेघ खरी. तपासणी थांबली की ती पुसली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडूत बुढ्ढी के बाल, म्हणजे कॉटन कँडीवर बंदी आली. नमुन्यांत ऱ्होडामिन बी निघाला होता. हा भडक गुलाबी रंग कापड-कागदाचा. कुणीतरी नमुना उचलला आणि तपासला म्हणून कळलं. तोवर किती पोरांनी तो खाल्ला असेल, त्याची नोंद कुठे असणार?

आणि या कागदावरची शाई कुणाची, हेही विसरून चालणार नाही. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने लक्षात आणून दिलं की मॅजेंटाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतोय. यादी बनायच्या बारा वर्षं आधी. रंगाच्या विषाची पहिली साक्ष खाणाऱ्यांनी नाही, बनवणाऱ्यांनी दिली, स्वतःच्या शरीराने. आमच्या भागात तर हे लांबचं वाटतच नाही. भिवंडीहून खाडीपलीकडे डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. टीव्हीवर दोन दिवस मजा झाली. पण रस्ता गुलाबी करणारी पुडी कुणीतरी हाताने फोडलेली असते, आणि त्या हातांसाठी आयएनएस नंबर नसतो.

रंगांच्या रसायनाचा जगभर मानला गेलेला ग्रंथ आपल्याच माणसाने लिहिलाय, हेही सांगायला हवं. कृष्णस्वामी वेंकटरामन हे माटुंग्याच्या यूडीसीटीचे (आता आयसीटी) पहिले भारतीय संचालक, आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही. कृत्रिम रंगांवरच्या त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये निघाले. माटुंग्याच्या त्याच आवारात एका इमारतीत रंग शिकवतात, दुसरीत कापड, तिसरीत अन्न. ज्ञानाला भिंत नाही, आणि ते बरंच आहे. भिंत हवी ती बाजारात.

काकींनी शेवटी रोखठोक विचारलं, "मग जिलबी खायची की नाही, ते सांग." खा की! पण जिलबीचा स्वतःचा रंग तळणीतून आणि पाकातून येतो, तो फिकट सोनेरी असतो. झेंडूला लाजवणारी जिलबी पुडीतून आलेली असते. ती पुडी कुठली, एवढाच प्रश्न.

तर मंडळी, करायचं काय? दोनच साध्या गोष्टी. घरात रंग आणायचाच असेल तर सीलबंद डबीतला, खाद्यरंग असं लिहिलेला आणि आकडा छापलेला आणा: १०२, ११०, १२२, १२४, १२७, १३२, १३३, १४३. हे आठ आकडे म्हणजे आपली व्हाइटलिस्ट. आणि किराणा दुकानात बरणीतून चमचा-चमचा वजन करून, कागदाच्या पुडीत बांधून मिळणारा बिननावाचा 'मिठाईचा रंग' घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. लोकर रंगवायलासुद्धा नको. ती पुडी घरात आली की आज ना उद्या कुणीतरी ती शिऱ्यात टाकणारच. आणि शिऱ्यात पडल्यावर, वर पाहिलंच आपण, तिला ओळखायला प्रयोगशाळा लागते.